आठ मैल झाले, शंभर मैल राहिले

नांदुऱ्याच्या माणसाला वाट पाहणे कोणी शिकवावे लागत नाही. स्टेशनात गाडीची, स्टँडवर एसटीची आणि सडकेच्या कडेला उभे राहून सडक पुरी होण्याची वाट पाहण्यात आमच्या हयातीची बरीच वर्षे गेली. मजुरांच्या चळवळीत या मुलखात हिंडताना एक प्रश्न मनात घर करून बसला. लोकांच्या उपयोगाचे काम आपल्याकडे रेंगाळते, ते हात कमी पडतात म्हणून, यंत्रे नाहीत म्हणून, की आणखी कशामुळे? आमचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, वीज असली तर. त्या वाचनातून जे उमगले ते येथे सांगतो.

16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्याला 21 मैलांवर पहिली आगगाडी गेली. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. हा योगायोग म्हणावयाचा तर म्हणावा. पुढे चौदा वर्षांत, 1867 साली, थळघाट ओलांडून, भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करीत रूळ नागपूरला पोचले. पाचशे मैलांहून लांब वाट! कुदळ, फावडे, पाटी आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर हे काम झाले.

इतकी घाई कोणाला होती? नांदुऱ्याच्या शेतकऱ्याला मुंबई पाहावयाची होती म्हणून रूळ पडले नाहीत. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. शिवाय ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या भागीदारांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. ती भरून निघावयाची होती हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे नफा झाला तर त्यांचा आणि तोटा झाला तर रयतेचा.

मक्ते त्या काळीही मोडत. बोरघाटाचे काम फॅविएल नावाच्या इंग्रज मक्तेदाराने घेतले होते. 1859 साली थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगा झाला आणि त्याच वर्षी त्याने मक्ता सोडला. नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे चालविले आणि 1863 साली घाट खुला झाला. बाई कर्तबगार होती, यात शंका नाही. तिचे नाव पुस्तकांत आहे, ते असावेच. पण त्या घाटात साथींनी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्यांतले एक नाव आम्हांला वाचावयास मिळाले नाही.

आता आमच्या दाराशी येऊ. खामगाव ही कापसाची मोठी पेठ. पण ती हमरस्त्याच्या रुळांपासून बाजूला पडली. जलंबपासून खामगावपर्यंत अवघे आठ मैल. तेवढ्यासाठी स्वतंत्र फाटा टाकला गेला आणि 1870 साली तो खुला करावयास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. मुख्य रूळ नागपूरला पोचून तीन वर्षे होतात न होतात तोच हे घडले. कापसाच्या गाठीला बैलगाडीत आठ मैलांचे हेलकावे बसू नयेत, एवढी काळजी घेणारे सरकार होते म्हणावयाचे!

खामगावला येऊन रूळ संपतात. ते पुढे चिखली, देऊळगाव राजावरून जालन्याला नेऊन मनमाड-सिकंदराबादच्या वाटेला जोडावे ही मागणी इंग्रजी अमदानीतली आहे. अंतर सुमारे शंभर मैल. पाहणी झाली, पुन्हा पाहणी झाली, समित्या झाल्या, उपोषणे झाली, प्रत्येक निवडणुकीत आश्वासन झाले. अलीकडे राज्य शासनाने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केले. मागणी करणाऱ्यांची चौथी पिढी आता निवेदने लिहिते आहे. आणि त्याच बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने, मेहकर-सिंदखेड राजाकडून, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. त्याची घोषणा 2015 सालची. 2025 च्या जूनमध्ये तो शेवटपर्यंत खुला झाला. ज्याच्या दारी मोटार आहे त्याची वाट दहा वर्षांत झाली. तिकीट काढून जाणाऱ्याची शंभर वर्षांत झाली नाही.

सगळीच दिरंगाई एका जातीची नसते, हेही सांगितले पाहिजे. अकोला-खंडवा ही मीटरगेजची गाडी 2017 साली बंद पडली. रूळ रुंद करावयाचे, तर वाट मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून जाते. म्हणून ती सोनाळा, जामोदकडून वळवावी असे ठरले. येथे थांबणे आम्ही समजू शकतो. जंगल एकदा कापले की मागाहून चूक उमगून उपयोग नाही.

सडकेची कथा निराळी आहे. या देशात सडकांचा विचार प्रथम नीट केला तो 1927 साली नेमलेल्या समितीने, आणि तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पेट्रोलवरच्या करातून सडकांचा निधी उभारावा ही त्यांचीच शिफारस. पुढे 1943 साली नागपूरला मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. शेतीच्या भरभराटीच्या मुलखात कोणतेही गाव मोठ्या सडकेपासून पाच मैलांहून दूर राहू नये, असा तिचा दंडक होता. सुरतेकडून कलकत्त्याला जाणारी आमची सडक राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 झाली. आता तिला 53 म्हणतात. नंबर बदलावयास फार वेळ लागला नाही.

या सडकेचा अमरावती ते चिखली हा सुमारे 194 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करावयाचा होता. (ही चिखली बुलढाण्याची नव्हे, मुक्ताईनगरजवळची.) काम आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेच्या कंपनीकडे गेले. 2018 साली ती संस्थाच कर्जाखाली कोसळली आणि सडक खणलेल्या स्थितीत पडून राहिली. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. त्या धुळीतून नांदुऱ्याचा रोगी अकोल्याला न्यावयाचा म्हणजे नातेवाइकाचा जीव त्याच्याही आधी घाबरा होई. मग कामाचे चार तुकडे पाडले गेले. तिसरा शेलाडपासून नांदुऱ्यापर्यंत, चौथा नांदुऱ्यापासून चिखलीपर्यंत. आमचे गाव सांध्यावर आले.

आणि मग जून 2022 मध्ये याच महामार्गावर, अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला. जागतिक विक्रम झाला, गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. रात्रंदिवस राबणाऱ्या त्या सातशेवर माणसांना आमचा मुजरा. (नांदुऱ्याच्या हनुमंताची मूर्ती 105 फुटांची आणि विक्रम 105 तासांचा, गावात यावर विनोद झाले नसते तरच नवल.) परंतु या विक्रमाने आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र देऊन टाकले. हात होते. यंत्रे होती. डांबर होते. मध्ये गेलेली वर्षे तारण, कर्ज, निविदा आणि दावे यांत गेली. मजुराने ती वाया घालविलेली नाहीत.

मजुराने काय घातले ते 2 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे नांदुरा तालुक्यातच, वडनेर भोलजीजवळ दिसले. महामार्गाच्या कामावर चिखलदऱ्याकडून आलेले दहा मजूर सडकेच्या कडेला पत्र्याच्या खोपटात झोपले होते. मालट्रक त्यांच्यावरून गेला. चार जण तरी गेले, बाकीचे जखमी झाले. बांधकाम मजुरांस कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ राहण्याची मोफत सोय मालकाने करावी, असे 1996 च्या कायद्यात लिहिलेले होते आणि त्या पहाटे तो कायदा अमलात होता. कामाच्या जवळ हे शब्द तेवढे पाळले गेले. चौपदरी सडकेला जवळ म्हणजे किती हात, हे मात्र त्यात सांगितलेले नव्हते.

मेळघाटात पोट भरत नाही म्हणून ही माणसे सडकेवर येतात. बोरघाटात खपले तेही असेच कुठून कुठून आलेले असतील. खामगाव-जालन्याचे रूळ उद्या पडू लागले तर मुरूम भरावयास पुन्हा हीच माणसे येतील, आणि त्यांची खोपटी कोठे पडणार हे निविदेच्या कागदात पहिल्याच पानावर असावे, ही आमची मागणी आम्ही आजच नोंदवून ठेवतो.