मेंढीची अपरा : मातेचे पोषण, संप्रेरके आणि गर्भवाढ यांविषयीच्या संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

बीजशब्द : अपरा, मातृपोषण, संप्रेरके, गर्भवाढ, शरीरक्रियाशास्त्राचा इतिहास

प्रस्तावना :
गर्भिणीने खाल्लेले अन्न जणू थेट गर्भाच्या मुखी पडते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वास्तविक माता व गर्भ यांच्यामध्ये अपरा, म्हणजेच वार, हे स्वतंत्र व तात्पुरते इंद्रिय असते. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या या इंद्रियाचे महत्त्व विज्ञानाला पटण्यास विसावे शतक उजाडावे लागले आणि त्यातील मोठा वाटा मेंढीवरील प्रयोगांचा आहे. प्रस्तुत निबंधात या संशोधनाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

केंब्रिज येथील पायाभरणी :
१९३० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी मेंढीच्या गर्भातील रक्ताभिसरण व श्वसन यांचा अभ्यास हाती घेतला. त्यांचा जन्मपूर्व जीवनावरील ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंढीची निवड सोयीची होती. ती शांत स्वभावाची, तिचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा आणि तिचे कोकरू वजनाने मानवी अर्भकाच्या जवळपास असते. त्याच विद्यापीठात जॉन हॅमंड हे पशुवाढीचा विचार शेतीच्या अंगाने करीत होते. वॉल्टन व हॅमंड यांनी १९३८ मध्ये शायर घोडे व शेटलंड तट्टे यांचा संकर करून असे दाखविले की, पित्याचा वंश कोणताही असला तरी शिंगराचे जन्मवेळचे आकारमान मुख्यतः मातेवर अवलंबून असते. गर्भाच्या वाढीला मातेकडून मर्यादा पडते, हा विचार येथून दृढ झाला.

एल. आर. वॉलेस यांनी १९४८ मध्ये मेंढ्यांच्या आहाराचे प्रयोग प्रसिद्ध केले. गर्भकाळाच्या अखेरच्या आठवड्यांत आहार तुटपुंजा पडल्यास कोकरांचे, विशेषतः जुळ्यांचे, वजन लक्षणीय घटते असे त्यांतून दिसून आले. मेंढपाळांसाठी हा निष्कर्ष मोलाचा होता. तथापि अपरेची वाढ गर्भकाळाच्या मध्यापर्यंतच जवळजवळ पूर्ण होते. गर्भाचे वजन त्यानंतर झपाट्याने वाढते. म्हणजेच पुढील मागणी पुरविणारी यंत्रणा मागणी येण्यापूर्वीच उभी राहिलेली असते.

अपरेकडे वळलेले लक्ष :
मेंढीच्या गर्भाशयात सुमारे ७० ते १०० मांसल उंचवटे असतात व त्यांच्याशीच अपरेचे गुच्छ जोडले जातात. या रचनेचा उपयोग ऑस्ट्रेलियातील संशोधक जी. अलेक्झांडर यांनी केला. त्यांनी गर्भधारणेपूर्वी काही उंचवटे शस्त्रक्रियेने काढून टाकले. उरलेले गुच्छ मोठे होऊन उणीव काही अंशी भरून काढीत. मात्र एका मर्यादेपलीकडे अपरा लहानच राही आणि कोकरूही लहान जन्मे. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यामुळे अपरेचे आकारमान हे गर्भवाढीचे कारण ठरू शकते, याला प्रायोगिक आधार मिळाला. पुढे दीर्घकाळ उष्णतेत ठेवलेल्या मेंढ्यांतही अपरा खुरटते असे आढळले.

संप्रेरकांचा विचार :
१९७० च्या दशकात मेंढीच्या अपरेतून लॅक्टोजेन हे संप्रेरक वेगळे करण्यात आले. अपरा केवळ चाळणी नसून स्वतः संप्रेरके स्रवणारी ग्रंथीही आहे, हे त्यामुळे अधिक स्पष्ट झाले. १९९४ मध्ये क्लीमन, वॉकर व सीमार्क यांनी गर्भधारणेच्या पहिल्या ३ दिवसांत प्रोजेस्टेरॉन दिल्यास पुढे गर्भाची वाढ अधिक होते असे नोंदविले. इतक्या आरंभीच्या काळातील संप्रेरकांची छाप पुढील वाढीवर पडते, ही बाब उल्लेखनीय होय.

सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील रोवेट संशोधन संस्थेतून आला. जॅकलिन वॉलेस व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात, स्वतःची वाढ पूर्ण न झालेल्या कोवळ्या वयाच्या मेंढ्यांना गर्भकाळात भरपूर आहार दिला. त्या मेंढ्या वजनाने वाढल्या. अपरा मात्र लहान राहिली व कोकरे अशक्त जन्मली. या मेंढ्यांच्या रक्तात इन्सुलिन व त्यासारखे वाढघटक अधिक आणि प्रोजेस्टेरॉन कमी आढळले. पोषकद्रव्यांचा ओघ मातेच्याच देहाकडे वळत होता. ५० व्या दिवशी आहार मध्यम केल्यास अपरेची वाढ सावरे. बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिल्यास मात्र जन्मवजनातील घट केवळ अंशतः भरून निघे.

मानवी संदर्भ :
मेंढीवरील निष्कर्ष स्त्रीला जसेच्या तसे लागू करणे अशास्त्रीय ठरेल. दोघींच्या अपरेची रचनाच भिन्न आहे. तरीही अमेरिकेतील कॅम्डेन येथे थेरेसा शोल व सहकाऱ्यांना, वाढत्या वयातील किशोरवयीन मातांचे वजन पुरेसे वाढूनही त्यांची बालके तुलनेने हलकी जन्मल्याचे आढळले होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून परिसरातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात, हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाचा बालकाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी संबंध दिसला. त्यामुळे केवळ उष्मांक मोजून भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये भारतातील १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली माता झालेल्या वा गर्भवती होत्या. यांतून किशोरवयीन गर्भिणीचा आहार कमी करावा, असा अर्थ काढणे घातक होय. आपल्याकडील अनेक मुली मुळातच कुपोषित असतात.

निष्कर्ष :
या इतिहासात प्रश्नाचे स्वरूपच बदलत गेले. आरंभी ‘माता किती खाते’ एवढेच विचारले जाई. पुढे ‘केव्हा खाते’, ‘अपरा किती वाढली’ आणि ‘मातेचे वय व संप्रेरके पोषणाची वाटणी कशी करतात’ हे प्रश्न पुढे आले. प्रसूतीच्या तोंडावर दिलेला पूरक आहार आवश्यक असला, तरी अपरेच्या घडणीचा काळ तोवर बराचसा सरलेला असतो. म्हणून मुलीचे गर्भधारणेपूर्वीचे पोषण आणि विवाहाचे वय हे विषय माता-बाल आरोग्याच्या केंद्रस्थानी असणे अगत्याचे आहे.