तळ्यात की मळ्यात? एक क्रियापद आणि वऱ्हाड

‘व्हॅसिलेट’ हे इंग्रजी क्रियापद राजकीय लेखनात बहुतेक वेळा दूषण म्हणूनच येते. आज एक, उद्या दुसरे, ठाम काहीच नाही, असा त्याचा रोख. स्वतंत्र विदर्भ की संयुक्त महाराष्ट्र, या प्रश्नावर वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी धरसोड केली, असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा आरोप तोच असतो. तो कितपत खरा, हे ठरवण्याआधी शब्दांकडेच एकदा नीट पाहायला हवे.

हे क्रियापद लॅटिनमधील ‘व्हॅसिलारे’वरून आले. त्याचा मूळ अर्थ शरीराचा आहे: तोल जाणे, लटपटणे, झोकांड्या खाणे. सिसेरोने आपला आजारी लेखनिक टायरो याच्या पत्रातील थरथरत्या अक्षरांसाठी हेच क्रियापद वापरले. तिथे टायरोचे मन डळमळीत नव्हते, आजाराने हात कापत होता. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला, तोही आधी हलण्याडुलण्याच्या अर्थाने. मनाच्या अनिश्चयाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘वेव्हर’ हे त्याचे भावंड उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतले. त्यात इकडेतिकडे हलण्याची, लुकलुकण्याची कल्पना आहे. म्हणजे दोन्ही शब्दांत हालचाल आधी आली आणि दोष मागाहून.

मराठीत याच अनुभवासाठी वेगवेगळी चित्रे आहेत. ‘डळमळणे’ हे पायाशी जोडलेले, ‘धरसोड’ हाताशी. ‘दोलायमान’ संस्कृत ‘दोला’ म्हणजे झोपाळ्यावरून आले. झोपाळा हलतो, पण त्याची कडी आढ्याला पक्की असते. ‘तळ्यात-मळ्यात’ तर मुलांच्या खेळातून आले. या खेळात उड्या मारणारा एक आणि ‘तळ्यात’, ‘मळ्यात’ असे ओरडणारा दुसराच असतो. उडी कोणाच्या हुकमाने पडली, हे न विचारता उडी मारणाऱ्यालाच चंचल ठरवले, तर तो न्याय होत नाही. वऱ्हाडचा इतिहास या शब्दाच्या उजेडात वाचण्यासारखा आहे.

1853 मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. निजामाकडे तैनात असलेल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील मुलूख कंपनीच्या हवाली झाला. 1860 च्या तहाने रायचूर आणि धाराशिव परत गेले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र अवस्था होती. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खानाकडून वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतले आणि 1903 मध्ये ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले. पुढे मीर उस्मान अली खानाने 1923 मध्ये वऱ्हाड परत मागितले. 1926 मध्ये लॉर्ड रीडिंगने ती मागणी फेटाळली. 1936 मध्ये निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य करून त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देण्यात आला. या एवढ्या उलाढालीत अकोल्याच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कोणी एकदाही विचारले नव्हते. मुलूख ‘सोन्याची कुऱ्हाड’ खरा, पण दांडा दुसऱ्यांच्या हातात.

हे लक्षात ठेवले तर 8 ऑगस्ट 1947 चा अकोला करार वेगळा दिसू लागतो. स्वातंत्र्याला सात दिवस उरले होते. ब्रिटिशांची अधिसत्ता संपताच वऱ्हाडवरचा निजामाचा जुना हक्क पुन्हा डोके वर काढील, ही धास्ती हवेत होती. 1938 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता, तर 1946 मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची हाक दिली होती. अशा वेळी शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी आदी मंडळी अकोल्यात एकत्र बसली. ठरले ते असे: संयुक्त महाराष्ट्राचा एक प्रांत व्हावा, त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ हे दोन उपप्रांत असावेत, त्यांची विधिमंडळे वेगळी असावीत, आणि हे न जमल्यास महाविदर्भाचा स्वतंत्र प्रांत व्हावा.

एकाच कागदावर ‘हे, नाहीतर ते’ लिहिणे म्हणजे डळमळणे, असे वरवर वाटेल. पण ज्याला निर्णयाचा अधिकार नाही आणि परिणाम मात्र भोगायचे आहेत, तो दुसरी वाट आधीच नोंदवून ठेवतो. शेतकरी पावसाच्या भरवशावर एकच पीक घेत नाही, त्याला कोणी चंचल म्हणत नाही. शिवाय करारातल्या दोन्ही पर्यायांत एक गोष्ट अढळ आहे: महाविदर्भाला स्वतःचे विधिमंडळ. ही झोपाळ्याची कडी होय.

पुढे उड्या पुन्हा दुसऱ्यांच्याच हाकेवर पडल्या. 1953 च्या नागपूर करारात उपप्रांतांची जागा आश्वासनांनी घेतली. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. 1956 मध्ये ती बाजूला ठेवून विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात घातला गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला.

या काळात कोणीच भूमिका बदलली नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तडजोडी झाल्या, सत्तेची गणितेही होती. तरी अकोल्यात एकत्र बसलेल्यांपैकी देव आणि गाडगीळ संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने राहिले आणि बियाणी स्वतंत्र विदर्भाच्या. माणसे आपापल्या जागी बऱ्यापैकी स्थिर होती. त्यांची वेगवेगळी मते एकाच ‘वऱ्हाड’ नावाखाली मोजली, म्हणून वऱ्हाड डळमळताना दिसले.

विदर्भाचा प्रश्न आजही अधूनमधून निघतो आणि ‘यांचे एकदा काय ते ठरत नाही’ हे वाक्यही निघते. ते उच्चारण्याआधी टायरोची अक्षरे आठवावीत. कापणारे अक्षर पाहून सिसेरोने लिहिणाऱ्याला अस्थिर ठरवले नाही, त्याने दुखणे कुठे आहे ते ओळखले.