नौबत: नगारा, ताप आणि पॅरिसची धमाल

फ्रेंच माणूस रात्रभर खाऊन-पिऊन, नाचून धुडगूस घालतो तेव्हा त्याच्या बोलीभाषेत तो ‘नूबा’ करतो. आपल्याकडे पोरीच्या लग्नापायी जमीन विकावी लागली की लोक म्हणतात, शेवटी जमीन विकायची नौबत आली. तिकडे मजा, इकडे संकट. शब्द मात्र एकच. फ्रेंच शब्दकोशात ‘नूबा’ची व्युत्पत्ती वाचली आणि त्या दिवसापासून हे प्रकरण माझ्या मागे लागलं आहे.

फ्रेंचांकडे हा शब्द गेला अल्जीरियातून. तिथल्या फ्रेंच फौजेत स्थानिक शिपायांच्या पलटणी होत्या. त्यांचा सनईसारखी वाद्यं आणि ढोल-ताशे वाजवत चालणारा जो ताफा होता, त्याला ‘नूबा’ म्हणत. ताफा आला की जल्लोष आलाच. ताफ्याचं नाव जल्लोषाला चिकटलं. आपल्याकडेही ‘बँडबाजा’ म्हटलं की डोळ्यांपुढे वऱ्हाडच येतं की नाही?

मूळ शब्द अरबी. न, व, ब या तीन व्यंजनांचा धातू. अर्थ एकाने दुसऱ्याच्या जागी येणं, आळीपाळीने येणं. दुसऱ्याच्या जागी बसून काम पाहणारा तो ‘नायब’. म्हणजे तहसील कचेरीतले नायब तहसीलदार आणि गडावरची नौबत हे सख्खे भाऊबंद निघाले. नायबचं अनेकवचन आदरार्थी वापरता वापरता ‘नवाब’ झालं, तेव्हा लखनौचे नवाबही याच घरातले. ‘नायाब’ मात्र या कुळातला नाही. तो फारसी आहे आणि त्याचा अर्थ दुर्मीळ.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावून टाकतो. नऊ वाद्यं एकत्र वाजतात म्हणून ‘नौ-बत’, असं हौसेने सांगितलं जातं. अरबीत ‘नौ’ म्हणजे नऊ नव्हे, एवढं खरं तर पुरे. तरी कोणाला दाखला हवाच असेल तर अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या नगारखान्यातली वाद्यं नावानिशी मोजली आहेत: दमामे, नगारे, ढोल, कर्णे, सुरना, नफीर, शिंग आणि झांजा. आठच भरतात.

मग पाळीचा नगारा कसा झाला? बगदादच्या खलिफाच्या दाराशी नमाजाच्या वेळांना ढोल वाजत. हा मान फक्त खलिफाचा. दहाव्या शतकात बुवैही घराण्यातला अदुद-उद-दौला इतका बलाढ्य झाला की त्याच्याही दारी ढोल वाजवायला खलिफाला परवानगी द्यावी लागली. ठरलेल्या वेळी, पाळीने वाजणारं म्हणून ते वादन ‘नौबत’; पुढे वादनाचं नाव वाद्याला मिळालं. तिथून मोगलांचे नौबतखाने, शिवरायांच्या रायगडावरचा नगारखाना, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना हा प्रवास सर्वांच्या ओळखीचा आहे, तो इथे उगाळत नाही.

आईनमधलं आणखी एक वाक्य मात्र सोडवत नाही. पूर्वी नौबत रात्र पडायच्या चार घडी आधी आणि तशीच उजाडायच्या चार घडी आधी वाजत असे, अकबराने ती वेळ बदलली, असं अबुल फजल सांगतो. चार घडी! आपला ‘चौघडा’ चार वाद्यांच्या संचावरून आला असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि वाद्यं समोर दिसतात म्हणून त्यांचं म्हणणं पटकन पटतं. पण नौबत जर वेळेवरून वाद्यावर आली, तर चौघडाही चार घडींवरून वाद्यावर का येऊ नये? घडी म्हणजे 24 मिनिटं, चार घडी म्हणजे सुमारे दीड तासाचा पहारा. माझं मत घडीच्या बाजूने पडतं. चार वाद्यांचा हिशेब मागाहून जुळवलेला असावा.

त्याच बगदादच्या दरबारात गवयांचीही पाळी लागे. ज्याची नौबत तो गाई. मग त्याने त्या बैठकीत गायलेलं सगळं मिळून नौबत. ही कल्पना पश्चिमेकडे स्पेनपर्यंत पोचली. बगदादहून निघालेला गवई झिरयाब 822 साली कोर्दोबाला आला आणि त्याने 24 नूबा बसवल्या, अशी परंपरा आहे. इतक्या गोष्टी त्याच्या नावावर सांगतात की निम्म्या तरी दंतकथा असाव्यात. पण मोरोक्कोत आजही 11 नूबा गातात. एकेक नूबा पाच तालांच्या टप्प्यांतून चढत जाते आणि सलग गायली तर काही तास चालते. पूर्वेकडे, इराणात, चौदाव्या शतकातला संगीतकार अब्दुल कादिर मरागी नौबतीचे भाग सांगतो: कौल, गझल, तराना, फुरूदाश्त, पाचवा त्याने स्वतः जोडला. यातले तीन शब्द आपल्या गाण्यात सुटे-सुटे अजून नांदत आहेत. कौलावरून कव्वाली आली, गझलेची ओळख करून द्यायला नको, आणि तराणा कुठल्याही खयालगायकाच्या मैफलीत ऐकावा. भाग टिकले, नौबत हे त्यांचं सामाईक नाव मात्र आपल्याकडच्या मैफलीतून गेलं.

आता मुख्य भांडण. मराठीतल्या नौबतीला संकटाचा अर्थ कुठून आला? सरळ उत्तर असं देतात की रणनौबत वाजली की लढाई, लढाई म्हणजे मरण. ऐकायला झकास, पण टिकत नाही. आपल्याकडे नौबत ही मंगलाची खूण. पुत्रजन्म, विजय, राज्याभिषेक, देवाची आरती यांना ती झडते. घरात मृत्यू झाला तर ती बंद ठेवतात. संकटाचं नातं जोडायचंच तर ते नौबतीच्या गप्प होण्याशी जोडावं लागेल, आणि आपण तर म्हणतो नौबत ‘आली’.

हे ‘येणं’च मला पुराव्यासारखं वाटतं. उपाशी मरायची नौबत आली, उपाशी मरायची पाळी आली, उपाशी मरायची वेळ आली: तिन्ही वाक्यं अदलाबदल करून वापरा, काही बिघडत नाही. म्हणजे मराठी माणसाने नगारा मध्ये न आणता थेट पाळीचा अर्थ उचलला. उर्दूत ‘यहाँ तक नौबत पहुँची’ म्हणतात. नगारा कधी पोचतो का? अरबीत तर याच धातूवरून ‘नाइबा’ हा शब्द आपत्ती या अर्थाने आहे.

पण पाळी वाईटच का? चांगली पाळी का येत नाही? इथे माझा लाडका तर्क येतो. जुन्या अरबी वैद्यकात थांबून-थांबून येणाऱ्या तापाच्या प्रत्येक झटक्याला नौबत म्हणत. तुर्कीत आजही ‘नोबेत’ म्हणजे पहाऱ्याची पाळी आणि तापाचा किंवा फेफऱ्याचा झटकाही. रात्री आळीपाळीने उघडं राहणारं औषधाचं दुकान तिथे ‘नोबेतचि’ असतं. आपल्याकडेही हिवतापाला पाळीचा ताप म्हणत आलेत. एक दिवसाआड ठरल्या वेळी हुडहुडी भरते, न चुकता. ज्या देशांत हिवताप घरोघरी होता तिथे ‘पाळी आली’ याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नसेल. फेडता न येणाऱ्या कर्जापासून गहाण जमिनीपर्यंत सगळ्या नौबती मला त्या तापाच्याच वाटतात, गडावरच्या नगाऱ्याच्या नव्हे.

मंगल कार्यालयांत चौघडा आता ध्वनिमुद्रित वाजतो. पण जिथे देवळाच्या नगारखान्यात वादकांची घराणी अजून पाळीने सेवा देतात, तिथल्या वाचकांना एक विनंती आहे. कोणत्या वेळेच्या वादनाला तुमच्याकडे काय म्हणतात आणि पाळीला नौबत म्हणणारं कोणी म्हातारं माणूस उरलं आहे का, हे विचारून लिहून ठेवा आणि मला कळवा.