भिलाईचे छोटे कारखाने आणि विजेचा दर

भिलाईचा छोटा उद्योग पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढला. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो भोपाळकडे गेला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. वर्षाला दहा लाख टनांच्या या कारखान्याची क्षमता पुढे पंचवीस लाख आणि मग चाळीस लाख टनांवर गेली. त्याला लागणारे सुटे भाग, ओतकाम, फॅब्रिकेशन आणि दुरुस्तीची कामे करणारे पूरक कारखाने नंदिनी रोड, हथखोज या पट्ट्यांत उभे राहिले. कारखान्यातून बाहेर पडणारे भंगार आणि अर्धतयार पोलाद विकत घेऊन सळ्या, अँगल काढणाऱ्या रोलिंग मिलही भिलाई-रायपूर परिसरात वाढल्या.

यातल्या प्रत्येक कारखानदाराच्या कपाटात दोन महत्त्वाचे करार असतात. एक मोठ्या कारखान्याने दिलेल्या कामाचा आणि दुसरा वीज पुरवठ्याचा. कामाच्या कराराचा दर निविदेतल्या स्पर्धेत ठरतो आणि बहुतेकदा सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. विजेच्या कराराचा दर मात्र कारखानदाराच्या हाती नसतो. त्या भागात वीज देणारा दुसरा कोणी नसतो, त्यामुळे दर पटला नाही म्हणून दुसरीकडे जाता येत नाही. कामाचा ठेका ठरावीक दराचा असेल आणि मध्येच वीज महागली, तर वाढलेला खर्च गिऱ्हाइकावर टाकण्याची सोय उरत नाही. तो थेट नफ्यातून जातो आणि नफा पुरला नाही तर भांडवलातून. भिलाईत विजेच्या दराचा प्रश्न इतका तापतो त्याचे मूळ या दोन करारांच्या कात्रीत आहे.

स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षे हा दर राज्य विद्युत मंडळांच्या हाती होता. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्याराज्यांत मंडळे स्थापन झाली. भिलाईच्या छोट्या कारखानदाराचा व्यवहार मध्य प्रदेश विद्युत मंडळाशी असे. या कायद्याच्या कलम ४९ ने मंडळाला दर ठरवण्याचा अधिकार दिला आणि कलम ५९ ने तोटा होऊ न देण्याची जबाबदारी टाकली. ग्राहकासमोर छापील नमुन्यातला करार येई. त्यातले एकही वाक्य बदलून घेण्याची ताकद छोट्या उद्योजकाकडे नव्हती. मंडळ वेळोवेळी जे दर जाहीर करील ते ग्राहकावर बंधनकारक राहतील, अशी अट त्यात असे. म्हणजे करारावर सही करताना भावी दरवाढीलाही संमती दिली जाई.

न्यायालयात गेलेल्यांना काही वेळा दिलासा मिळाला, पण तो मोठ्यांना. इंडियन ॲल्युमिनियम कंपनी विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवले की, मंडळाने एखाद्या ग्राहकाशी विशिष्ट मुदतीसाठी विशिष्ट दराचा खास करार केला असेल, तर तो दर एकतर्फी वाढवता येत नाही. तत्त्व चांगले होते, पण असा खास करार मिळवण्याइतके वजन प्रचंड वीज वापरणाऱ्या कंपनीलाच असते. नमुना करारावर सही करणाऱ्या लेथवाल्याला या निकालाचा उपयोग नव्हता. सुरक्षा ठेवीचेही तसेच झाले. वीजबिलाच्या हमीसाठी मंडळाकडे रोख रक्कम अडकून पडे. तिच्यावर व्याज देण्यास मंडळ बांधील नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये फेरो अलॉइज कॉर्पोरेशनच्या खटल्यात मान्य केली. छोट्या धंद्यात खेळते भांडवलच अपुरे असते. त्यातला एक हिस्सा वर्षानुवर्षे बिनव्याजी पडून राहणे ही दरवाढच होती, फक्त ती बिलावर दिसत नव्हती.

दरवाढ नेमकी कुठे लपते, हे समजण्यासाठी औद्योगिक वीजबिलाची रचना पाहावी लागते. बिलात वापरलेल्या युनिटचा आकार असतो आणि त्याशिवाय मागणी आकार असतो. कारखान्याने जितक्या केव्हीएची कॉन्ट्रॅक्ट डिमांड लिहून दिली असेल, तिच्या प्रमाणात हा दुसरा आकार लागतो. काम असो वा नसो, त्याचा मोठा भाग भरावाच लागतो. एक सोपे काल्पनिक उदाहरण घेता येईल. १०० केव्हीएच्या जोडणीवर दर केव्हीएमागे ३०० रुपये आकार धरला, तर महिन्याचे ३०,००० रुपये होतात. त्या महिन्यात २०,००० युनिट वापरले गेले, तर युनिटमागे दीड रुपया पडतो. ऑर्डर नसल्याने एकच पाळी चालली आणि वापर ६,००० युनिटवर आला, तर तोच आकार युनिटमागे पाच रुपये होतो. जाहीर दर एका पैशानेही न वाढता मंदीच्या महिन्यात वीज अशी महाग होते.

याच्या उलट बाजूला लोड फॅक्टरची सवलत असते. इंडक्शन फर्नेस रात्रंदिवस चालते, तिचा भार स्थिर राहतो आणि पुरवठादारालाही ते सोयीचे असते, म्हणून तिला सूट मिळते. या सुटीला आर्थिक कारण आहे, हे मान्यच करावे लागेल. पण एका पाळीत चालणाऱ्या मशीन शॉपला सततच्या वापराची ती पातळी कधीच गाठता येत नाही. मागणी आकाराचा बोजा आणि सवलतीचा अभाव, दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात.

दर चढा राहण्याचे आणखी एक कारण राज्यांच्या धोरणात होते. शेतीला आणि घरगुती ग्राहकांना खर्चापेक्षा कमी दराने वीज द्यायची आणि तूट उद्योगांकडून भरून काढायची, ही क्रॉस सबसिडीची पद्धत देशभर रूढ झाली. तिच्यामागे सामाजिक हेतू होता. परिणाम मात्र असा झाला की, ज्यांना शक्य होते ते मोठे उद्योग स्वतःच्या वीजनिर्मितीकडे वळले. भिलाई पोलाद कारखान्याची स्वतःची वीजघरे होतीच. पुढे स्टील अथॉरिटी आणि एनटीपीसी यांच्या संयुक्त कंपनीने भिलाईत २५० मेगावॉटचे दोन संच उभारले. छोट्या कारखान्याला असे वीजघर बांधता येत नाही. मोठा ग्राहक बाहेर पडला की मागे राहिलेल्यांवरचा भार वाढतो.

एकतर्फी अटींचा फटका खुद्द विद्युत मंडळालाही कसा बसू शकतो, हे महाराष्ट्राने दाभोळ प्रकरणात अनुभवले. एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार द्यायचा आणि देणे डॉलरशी निगडित राहील, अशा त्यातल्या अटी होत्या. १९९९ मध्ये पुरवठा सुरू झाला आणि रुपयाची घसरण व इंधनाच्या किमती यांनी दर इतका चढला की २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. छोट्या कारखानदाराच्या बिलातला मागणी आकार आणि दाभोळचा क्षमता आकार यांची जात एकच आहे. फरक इतकाच की, मंडळाच्या मागे सरकार उभे होते आणि कारखानदाराच्या मागे कोणी नसते.

ज्या सेवेला पर्याय नाही तिचा दर विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, हा विचार जगात जुना आहे. अमेरिकेत रेल्वेचे भाडे आणि धान्य कोठारांचे आकार यांनी शेतकरी व लहान व्यापारी जेरीस आले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात, सार्वजनिक हिताशी जोडलेल्या धंद्याच्या दरावर सरकार मर्यादा घालू शकते, असे मान्य केले. भारतात विजेच्या बाबतीत स्वतंत्र नियमनाचा प्रयोग १९९६ मध्ये ओडिशाने सुरू केला. १९९८ मध्ये केंद्राने वीज नियामक आयोगांचा कायदा केला आणि महाराष्ट्राचा आयोग १९९९ मध्ये आला. दर ठरवताना ग्राहकांचे म्हणणे ऐकले पाहिजे, हा या कायद्याने दिलेला हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कोलकात्याच्या सीईएससी कंपनीच्या प्रकरणात उचलून धरला.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि भिलाईचा वीजपुरवठादार बदलला. कोरब्याचा कोळसा आणि तिथली वीजकेंद्रे नव्या राज्याच्या वाट्याला आली. विजेची मुबलकता हे राज्याचे बलस्थान ठरले आणि स्पंज आयर्न, फर्नेस व रोलिंग मिल यांची वाढ झपाट्याने झाली. २००३ च्या वीज कायद्यानंतर २००४ मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग स्थापन झाला. २००९ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या.

छोट्या ग्राहकाच्या दृष्टीने २००३ च्या कायद्याने पाया बदलला. वितरण कंपनीला दरवाढ हवी असेल तर कलम ६४ प्रमाणे अर्ज करावा लागतो, तो प्रसिद्ध करावा लागतो आणि आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घेऊनच निर्णय द्यावा लागतो. कलम ६२ प्रमाणे इंधन अधिभार सोडला तर दर सामान्यतः वर्षातून एकदाच बदलता येतो. सुरक्षा ठेवीवर किमान बँक दराइतके व्याज देणे कलम ४७ ने सक्तीचे केले. म्हणजे १९९३ च्या निकालाने नाकारलेली गोष्ट कायद्याने मिळाली. चुकीच्या बिलासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर लोकपाल आला. आयोगाच्या दर आदेशाविरुद्ध दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येते. या दोन वाटा वेगळ्या आहेत हे अनेकांना उशिरा कळते. मंचाला बिलातली चूक दुरुस्त करता येते, पण आयोगाने ठरवलेला दर कमी करता येत नाही. दराविरुद्ध बोलण्याची खरी जागा आदेशापूर्वीची जनसुनावणी हीच आहे.

भिलाई टाउनशिपची स्थिती आणखी निराळी आहे. तिथे वीज राज्याची कंपनी देत नाही, पोलाद कारखाना स्वतः वितरण परवानाधारक आहे. सिव्हिक सेंटर आणि सेक्टरमधल्या बाजारांत दुकान चालवणाऱ्यांचा वीजपुरवठादार कारखानाच असतो. तरीही हा दर कारखान्याला मनाप्रमाणे ठरवता येत नाही, तोही राज्य आयोगच ठरवतो. नियमनाचे मोल अशा ठिकाणी विशेष जाणवते.

तथापि नियमनाच्या या बांधाला फटी राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने वीज नियमांत दुरुस्ती केली. इंधन आणि वीजखरेदीचा वाढीव खर्च आता ठरलेल्या सूत्राप्रमाणे दर महिन्याला आपोआप बिलात येतो, त्यासाठी आयोगाची पूर्वसंमती लागत नाही आणि ताळमेळ वर्षाअखेरीस घातला जातो. छत्तीसगडमध्ये २०२३ पासून जुन्या व्हीसीए (बदलत्या खर्चाच्या समायोजनाच्या) आकाराच्या जागी हा अधिभार आला. कोळसा खरोखर महागला तर ते पैसे कोणीतरी भरलेच पाहिजेत. पण ठरावीक दराचा ठेका घेतलेल्या कारखान्याला महिन्यागणिक बदलणारा अधिभार आधी मोजता येत नाही. दरवाढ कारणाला धरून असली तरी ती कळण्याची वेळ अन्यायकारक ठरू शकते.

२०२४ मध्ये हा ताण रस्त्यावर आला. जूनमधील दर आदेशाने पोलाद उद्योगाची वीज महागली आणि लोड फॅक्टरची सवलतही घटली. दोन्हींचा मिळून परिणाम युनिटमागे सुमारे दीड रुपयाचा आहे, असे उद्योजकांच्या संघटनांचे म्हणणे होते. जुलैच्या अखेरीस राज्यातल्या शंभराहून अधिक मिनी स्टील आणि स्पंज आयर्न कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवले. सवलत कमी होणे हीदेखील दरवाढच असते, हे या घटनेने स्पष्ट केले. बंद पाळणे मात्र महाग हत्यार आहे. मोठी फर्नेस काही दिवस थांबून तग धरते, पण तिच्यावर अवलंबून असलेल्या वर्कशॉपला आणि तिथल्या रोजंदारीवरच्या कामगाराला तितके दिवस परवडत नाहीत.

इतर कायद्यांची मदत अपुरी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' ही संकल्पना आली, पण व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवा त्यातून वगळल्या आहेत. केवळ उपजीविकेसाठी स्वतः राबणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. विधी आयोगाने २००६ मध्ये आपल्या १९९ व्या अहवालात करारांतील अन्यायकारक अटींवर सर्वसाधारण कायद्याची शिफारस केली होती. तसा कायदा झाला असता, तर दहा कामगारांच्या कारखान्याला वीज, यंत्रांची देखभाल किंवा मालवाहतूक अशा प्रत्येक सेवा करारात आधार मिळाला असता. ही उणीव लवकर भरून निघायला हवी.

भिलाईच्या सत्तर वर्षांचा अनुभव एका बाजूला झुकतो. दर बंद दाराआड ठरत होता तोवर छोट्याला फक्त भरणे माहीत होते. खर्चाचा हिशोब लोकांपुढे मांडण्याची सक्ती झाली, तेव्हा त्याला पहिल्यांदा बोलण्याची जागा मिळाली. ती जागा रिकामी सोडू नये. कॉन्ट्रॅक्ट डिमांड गरजेइतकीच ठेवणे, ठेवीवरचे व्याज बिलात जमा झाले की नाही ते पाहणे, मोठ्या कामाच्या ठेक्यात वीजदर बदलाचे कलम मागणे आणि दर याचिका प्रसिद्ध झाल्यावर संघटनेमार्फत आकड्यांसह हरकत नोंदवणे, ही कामे प्रत्येक छोट्या कारखान्याने करायला हवीत. एकट्या लेथवाल्याची हरकत फाइलमध्ये हरवू शकते. दोनशे कारखान्यांनी मिळून दिलेल्या हिशोबाला आयोगाला आदेशात उत्तर द्यावे लागते.