आवाज का फाटतो?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘तुमच्या त्या पेटत्या दिव्यांच्या यंत्राबद्दल लिहा’ असं संपादक मंडळाने सांगितलं. कोजागिरीला गच्चीवर ज्यावर गाणी लागतात, तोच हा मी घरी जोडलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर. दोन वर्षांपूर्वी त्याचा आवाज फाटू लागला, तेव्हा बऱ्याच जणांनी ‘आता भंगारात द्या’ असा सल्ला दिला. आवाज फाटण्याशी माणूस शंभर वर्षं झगडतो आहे. त्या झगड्याची ही गोष्ट.

१९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी काचेच्या नळीत ग्रिड नावाची तिसरी तार बसवली. ग्रिडवरचा दाब किंचित बदलला की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह बदलतो. याच युक्तीच्या जोरावर १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून सॅनफ्रान्सिस्कोपर्यंत टेलिफोनवर बोलता येऊ लागलं. पण व्हॉल्व्ह आवाज मोठा करताना त्याचा आकारही थोडा बिघडवतो. लांबच्या लाइनवर असे अँप्लिफायर एकामागे एक लागले की बिघाड साचत जातो आणि शेवटी शब्दच कळत नाहीत.

यावर उपाय शोधला बेल प्रयोगशाळेतल्या हॅरॉल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्याने. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर जाताना त्याला कल्पना सुचली आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने आकृती काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा छोटा हिस्सा उलटा करून परत आत आणायचा. म्हणजे काय द्यायला हवं होतं आणि काय दिलं गेलं, यातला फरक यंत्राला कळतो आणि तो फरक ते स्वतःच भरून काढतं. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. किंमत एकच: आवाज जितका वाढला असता तितका वाढत नाही. मुद्दाम वाढ कमी करायची, हे अनेकांना पटेना. १९२८ मध्ये केलेल्या अर्जावर पेटंट मिळालं ते डिसेंबर १९३७ मध्ये!

ही युक्ती घराघरांत नेली ती ब्रिटनच्या डी. टी. एन. विल्यमसन यांनी. १९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात त्यांनी १५ वॉटच्या अँप्लिफायरची पूर्ण आकृती छापली. बिघाड जेमतेम ०.१ टक्का. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जोडला. माझा अँप्लिफायर त्याच घराण्यातला, फक्त धाकटा.

आता माझ्या यंत्राचं दुखणं सांगतो. हळू आवाजात सगळं ठीक, पण आवाज वाढवला की डग्ग्याची घुमारी खरखरायची आणि एका व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद व्हायची. फीडबॅक होता, तरी उपयोग होईना. कारण व्हॉल्व्हमध्ये ताकद शिल्लक असेल तरच फीडबॅक त्याच्याकडून सुधारणा करून घेतो. मीटर लावला. ग्रिडवर शून्य व्होल्ट हवे होते, तिथे सात निघाले. दोन व्हॉल्व्हमधला कंडेन्सर गाणं पुढे सोडतो आणि मागच्या व्हॉल्व्हचा डीसी दाब अडवतो. माझा जुना कागदी कंडेन्सर गळू लागला होता. व्हॉल्व्हवर सतत जादा भार पडून आवाजाच्या लाटेची एक बाजू चेपली जात होती. नवा कंडेन्सर लावला, प्लेटची लाली गेली आणि डग्गा पुन्हा घुमला. तसंच चालू ठेवलं असतं, तर व्हॉल्व्ह तर गेलाच असता, ट्रान्सफॉर्मरही जळाला असता.

हे सगळं लिहिण्याचं कारण म्हणजे आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ अजून असेल. त्यातही असेच कागदी कंडेन्सर असू शकतात. कौतुकाने एकदम प्लग लावू नका आणि मुलांना मागचं झाकण उघडू देऊ नका. आत दोन-अडीचशे व्होल्ट खेळत असतात आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ ते साठून राहतात. आधी जाणकाराकडून तपासून घ्या. कंडेन्सर फार महाग नसतो. पण जळालेला ट्रान्सफॉर्मर आता सहजी मिळत नाही.