सात राष्ट्रांचा एक समुद्र

उत्तर युरोपांतील बाल्टिक हा समुद्र म्हणावा कीं मोठें सरोवर, असा प्रश्न पडतो. त्याची सरासरी खोली अवघी ५५ मीटर आहे. महासागराच्या हजार भाग पाण्यांत सुमारें ३५ भाग मीठ असतें. येथें पृष्ठभागीं बहुतेक ठिकाणीं ६ ते ८ भागच. डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून बाहेरचें पाणी आंत येतें खरें, परंतु सर्व पाणी पालटावयास सुमारें ३० वर्षें लागतात. त्यामुळें एकानें टाकलेला मळ सर्वांच्याच वांट्यास येतो.

स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन हे प्राण्यांच्या देहांत डी. डी. टी. किती सांचलें आहे, याचा शोध घेत होते. त्यांच्या यंत्राच्या आलेखावर कांहीं अनोळखी खुणा वारंवार उमटूं लागल्या. दुसरा कोणी असता तर यंत्राचा दोष समजून तें सोडून देता. येन्सेन यांनीं त्यांचा पाठपुरावा केला व १९६६ सालीं तें द्रव्य पी. सी. बी. असल्याचें जाहीर केलें. विजेच्या ट्रान्सफॉर्मरांतील तेलांत वापरावयाचें हें द्रव्य मासे व समुद्रगरुड यांच्या शरीरांत शिरलें होतें! पुढें डी. डी. टी.मुळें गरुडांच्या अंड्यांचें कवच पातळ होत असल्याचें व पी. सी. बी.मुळें सीलच्या माद्या वांझ होत असल्याचें दिसून आलें. ज्या डी. डी. टी.नें भारतांत हिवतापाचा जोर मोडला, त्याचाच हा दुसरा गुण.

निदान झालें, पण औषध योजावें कोणी? सोव्हिएट संघ, पोलंड व पूर्व जर्मनी एका गोटांत. डेन्मार्क व पश्चिम जर्मनी दुसऱ्या. स्वीडन व फिनलंड तटस्थ. पश्चिमेकडील राष्ट्रें पूर्व जर्मनीस राज्य म्हणून मानीतच नव्हतीं. मग तिची सही घेणार कशी? शास्त्रज्ञ मात्र थांबले नव्हते. बाल्टिकच्या समुद्रशास्त्रज्ञांच्या परिषदा १९५७ पासून भरत होत्या. डिसेंबर १९७२ मध्यें दोन्ही जर्मनींचा आपसांत करार होतांच मार्ग मोकळा झाला आणि २२ मार्च १९७४ रोजीं हेलसिंकी येथें सातही राष्ट्रांनीं सह्या केल्या. जमीन, जहाजें व हवा या तिन्ही वाटांनीं येणारी घाण एकाच करारांत आणण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. ३ मे १९८० रोजीं करार अंमलांत आला.

त्यांत एक मोठी उणीव राहिली. किनाऱ्यालगतचें अंतर्गत पाणी वगळलें होतें. म्हणजे जेथें गटारांचीं तोंडें, तेथेंच परक्यास मज्जाव! तरीहि १९७९ पासून सामायिक निरीक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला होता. वरवर पाहतां तो रुक्ष वाटेल. पण एका प्रयोगशाळेचा आंकडा दुसरीच्या आंकड्याशीं जुळत नसेल, तर दोष कोणाचा हें ठरणार तरी कसें? म्हणून मोजण्याची रीत एक करणें, एकाच पाण्याचे नमुने निरनिराळ्या देशांत तपासून ताळा पाहणें, हें किचकट काम शास्त्रज्ञांनीं चिकाटीनें केलें. मुत्सद्द्यांच्या भाषणांहून याचें मोल अधिक.

सोव्हिएट संघ मोडल्यावर १९९२ सालीं नऊ राष्ट्रें व युरोपीय समुदाय यांनीं नवा करार केला. त्यांत अंतर्गत पाणीहि आलें. २००५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें सांडपाणी शुद्ध करण्याचा मोठा नवा कारखाना सुरू झाला. गरुड परतले, १९७० नंतरच्या दशकांत कांहीं हजारांवर आलेले करडे सील पुन्हां ४०,००० वर मोजले गेले. तळाशीं सांचलेला फॉस्फरस मात्र अद्याप हटत नाहीं. त्यायोगें शेवाळ माजतें आणि खोल पाणी प्राणवायूविना राहतें.

युक्रेनवरील आक्रमणानंतर, मार्च २०२२ मध्यें, इतर सभासदांनीं रशियासह होणाऱ्या बैठका थांबविल्या. एकमताशिवाय निर्णय न करण्याचा या मंडळाचा नियम असल्यामुळें उरलेल्या आठ राष्ट्रांस अनौपचारिक सल्लामसलतीनें काम चालवावें लागलें.