भूत कोणाला दिसते? : 'द टर्न ऑफ द स्क्रू'चे सव्वाशे वर्षांचे वाचक

२७ जानेवारी १८९८ रोजी न्यू यॉर्कच्या 'कॉलियर्स वीकली' या साप्ताहिकात हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या लघुकादंबरीचा पहिला हप्ता छापून आला. बारा हप्त्यांनंतर, १६ एप्रिलला, ती संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द टू मॅजिक्स' या पुस्तकात दुसऱ्या एका कथेच्या जोडीने ती लंडन आणि न्यू यॉर्क येथे प्रसिद्ध झाली. एका बैठकीत वाचून संपावी एवढीच ही गोष्ट. पण तिच्यावरून वाचकांची जी भांडणे जुंपली, ती आजतागायत मिटलेली नाहीत. वादाचा मुद्दा वरवर पाहता पोरकट वाटावा असा आहे : ब्लाय नावाच्या त्या वाड्यात भुते होती की नव्हती?

या प्रश्नाचा निकाल लावणे हा या लेखाचा हेतू नाही. वाचकांच्या प्रतिक्रिया हाही एक प्रकारचा दस्तऐवज असतो. जुने अभिप्राय, पत्रे, प्रस्तावना आणि टीकालेख कालक्रमाने लावून वाचले, तर कोणत्या पिढीला कशाची भीती वाटत होती हे त्यातून कळते. इथे तेवढाच प्रयत्न केला आहे.

कथा थोडक्यात अशी. नाताळच्या दिवसांत शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींना डग्लस नावाचा गृहस्थ एक हस्तलिखित वाचून दाखवतो. ते लिहिणारी बाई वीस वर्षांपूर्वी वारलेली आहे. तरुणपणी तिने लंडनमधल्या एका श्रीमंत, देखण्या गृहस्थाच्या अनाथ पुतण्याला आणि पुतणीला सांभाळण्याची नोकरी धरली. अट एकच : काहीही झाले तरी आपल्याला त्रास द्यायचा नाही, पत्रसुद्धा पाठवायचे नाही. ब्लायला गेल्यावर या गव्हर्नेसला दोन आकृती दिसू लागतात. एक मालकाचा मेलेला नोकर पीटर क्विंट, दुसरी आधीची गव्हर्नेस मिस जेसल, तीही मेलेली. ही दोघे मुलांना बिघडवायला आली आहेत अशी तिची खात्री होते. शेवटी फ्लोरा आजारी पडून लंडनला जाते आणि मागे राहिलेला दहा वर्षांचा माइल्स गव्हर्नेसच्या मिठीत प्राण सोडतो.

पहिला श्रोता

या कथेचा पहिला वाचक खरे तर श्रोता होता. मनगट दुखू लागल्यामुळे जेम्स १८९७पासून तोंडी मजकूर सांगत असे आणि विल्यम मॅकअल्पाइन नावाचा स्कॉटिश लेखनिक तो थेट टंकयंत्रावर उतरवून घेई. जेम्सने पुढे विल्यम लायन फेल्प्स या अमेरिकी प्राध्यापकाला सांगितल्यानुसार, ही कथा सांगताना लेखनिकाच्या अंगावर काटा येईल अशी त्याची अपेक्षा होती. पण गड्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वाक्य अर्धवट सोडून जेम्स थांबला, तर तो पुढचे शब्द काय एवढेच कोरडेपणाने विचारी. उलट, मुद्रिते तपासताना खुद्द लेखक मात्र एवढा घाबरला की माडीवर झोपायला जाण्याचा धीर होईना, अशी आठवण त्याचा मित्र एडमंड गॉस याने नोंदवली आहे. म्हणजे कथा वाचकांच्या हाती पडण्याआधीच दोन टोकांच्या प्रतिक्रिया तयार होत्या. एकाला काहीच दिसले नाही, दुसऱ्याला फारच दिसले.

१८९८चे वाचक

पहिल्या पिढीच्या बहुतेक वाचकांनी भुते खरी धरली. त्यांना भय वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. 'द इंडिपेंडंट' या अमेरिकी नियतकालिकाने जानेवारी १८९९मध्ये कथेवर कडाडून टीका केली. अशी निराशाजनक, दुष्ट गोष्ट कुठल्याच साहित्यात वाचली नव्हती, आणि ती वाचताना निरागस मुलांना नासवण्याच्या कामात आपलाही हात लागतो आहे असे वाटते, असा त्या परीक्षणाचा सूर होता. ऑस्कर वाइल्डने मात्र त्याच सुमारास मित्राला लिहिलेल्या पत्रात तिचे कौतुक केले. गोष्ट विषारी आहे हे त्यालाही मान्य होते. पण ती त्याच्या लेखी स्तुती होती.

'द इंडिपेंडंट'च्या परीक्षकाची तक्रार नीट पाहण्यासारखी आहे. क्विंटने मुलांना नेमके काय शिकवले, माइल्सला शाळेतून का काढले, मिस जेसल कशाने मेली, यांपैकी एकही गोष्ट कथेत उघड सांगितलेली नाही. मग एवढी किळस आली कुठून? १९०८मध्ये आपल्या संकलित वाङ्मयाच्या बाराव्या खंडाला लिहिलेल्या प्रस्तावनेत जेम्सने याचे उत्तर दिले आहे. पाप स्पष्ट सांगितले की ते लहान होते. म्हणून जागा कोऱ्या ठेवायच्या आणि त्या वाचकाला आपल्या कल्पनेने भरू द्यायच्या, ही त्याची युक्ती होती. अश्लीलतेचा आरोप करणाऱ्याने स्वतःच्याच मनातला मजकूर वाचला, असे तो मिश्कीलपणे सुचवतो.

वाचकांची पत्रे, लेखकाची टाळाटाळ

जेम्सला पत्रे लिहिणारांत दोन नावे विशेष आहेत. एक फ्रेडरिक मायर्स. १८८२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च'च्या संस्थापकांपैकी तो एक. ही संस्था भुतांच्या साक्षी, जबान्या आणि तारखा रीतसर गोळा करत असे. हेन्रीचा भाऊ, मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स, काही काळ तिचा अध्यक्ष होता. १८९०मध्ये विल्यमचा एक निबंध तिच्या सभेत हेन्रीनेच वाचून दाखवला होता. दुसरे नाव डॉ. लुई वाल्डस्टाइन यांचे. 'अबोध मना'वरचे त्यांचे पुस्तक १८९७मध्ये, म्हणजे फ्रॉइडचे नाव इंग्रजी वाचकांना माहीत होण्याच्या आधी, निघाले होते.

एक भुतांचा अभ्यासक, दुसरा मनाचा. पुढे शतकभर जे दोन पक्ष भांडले, त्यांचे जणू मूळपुरुष १८९८च्या त्याच हिवाळ्यात जेम्सच्या टपालात हजर होते. जेम्सने दोघांनाही दाद दिली नाही. मायर्सला त्याने लिहिले की हे पोटासाठी केलेले लिखाण आहे, फार खोल जाऊ नका. एच. जी. वेल्सला लिहिलेल्या पत्रातही हाच सूर आहे. वाल्डस्टाइनना लिहिताना मात्र तो क्षणभर गंभीर होतो. लहान मुले किती उघड्यावर पडलेली असू शकतात, हे आपल्याला दाखवायचे होते, अशा अर्थाचे तो काही लिहितो. सगळ्या पत्रव्यवहारात मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

बाई आरोपीच्या पिंजऱ्यात

पहिल्या महायुद्धानंतर वाचक बदलला. १९२१मध्ये व्हर्जिनिया वुल्फने जेम्सच्या भूतकथांवर लिहिताना म्हटले की आपण इथे घाबरतो ते बाहेरच्या कशाला नव्हे, आपल्याच आत असलेल्या कशाला तरी. १९२४मध्ये एडना केंटन या लेखिकेने सुचवले की भुते मुलांना नव्हे, गव्हर्नेसलाच दिसतात. आणि १९३४मध्ये एडमंड विल्सनने 'हाउंड अँड हॉर्न' या त्रैमासिकात केंटनचे ऋण मान्य करून बॉम्ब टाकला : भुते नाहीतच. मालकाच्या प्रेमात पडलेल्या, दबलेल्या वासनेच्या बाईचे हे भास आहेत. क्विंट मनोऱ्यावर दिसतो, जेसल तळ्याकाठी. त्याच वेळी फ्लोरा एका लाकडाच्या तुकड्याच्या भोकात दुसरा तुकडा बसवत असते. फ्रॉइड वाचलेल्या माणसाला आणखी काय हवे?

वाचक अक्षरशः खवळले. १९४७मध्ये रॉबर्ट हाइलमनने सविस्तर प्रत्युत्तर दिले : असे वाचले तर कथेतले पाप आणि पुण्य दोन्ही नाहीसे होतात आणि उरतो फक्त एक रुग्ण. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले होते. पाप म्हणजे केवळ मनाचा आजार, हे मान्य करणे त्या वर्षी अनेकांना जड गेले असेल, तर नवल नाही. वॉल्डॉक या टीकाकाराने वकिली हरकत घेतली. गव्हर्नेसने क्विंटला कधी पाहिलेले नाही; तरी तिने केलेल्या वर्णनावरून घरकारभारीण मिसेस ग्रोस त्याला तत्काळ ओळखते. हे कसे? विल्सनला या प्रश्नाने सतावले असावे. त्याच वर्षी जेम्सच्या टिपणवह्या प्रसिद्ध झाल्या. १२ जानेवारी १८९५च्या नोंदीत कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांच्याकडून ऐकलेले कथाबीज आहे, आणि त्यात भुते सरळसरळ भुते आहेत. विल्सनने १९४८च्या आवृत्तीत थोडी माघार घेतली. पुढे, गव्हर्नेसने क्विंटचे रूप गावात विचारून घेतले असेल असा मुद्दा एकाने मांडल्यावर, १९५९मध्ये तो पुन्हा मूळ जागी आला.

त्या टिपणातली एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांच्या सोयीची नाही. तिथे दुष्ट नोकर आहेत, मुले आहेत, पण गव्हर्नेस नाही. फक्त बाहेरून पाहणारा कोणीतरी ही गोष्ट सांगेल, एवढीच सूचना आहे. जिच्यावर सगळा खटला चालला, ती बाई जेम्सने लिहिता लिहिता घडवली.

याच काळातली आणखी एक प्रतिक्रिया मला हृद्य वाटते. हॅरॉल्ड गॉडर्ड हे स्वार्थमोर कॉलेजात इंग्रजी शिकवत. गव्हर्नेसचे भास हाच अर्थ त्यांनी पहिल्या वाचनापासून सहज गृहीत धरला होता. इतर वाचकांशी बोलल्यावर त्यांना नवल वाटले, की बाकी सगळे भुते खरी मानतात. १९२०च्या सुमारास, विल्सनच्या कितीतरी आधी, त्यांनी निबंध लिहिला आणि ठेवून दिला. त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९५७मध्ये, तो छापला गेला. त्यात फ्रॉइड नाही. आहे ती एक आठवण : लहानपणी घरातली एक मोलकरीण मुलांना चमत्कारिक गोष्टी सांगे, आणि ती मनोरुग्ण होती हे नंतर कळले. गॉडर्ड यांना कथेचा अर्थ ग्रंथांतून नव्हे, आपल्याच बालपणातून सापडला होता. म्हणूनच त्यांच्या वाचनात गव्हर्नेसबद्दल करुणा आहे. विल्सनच्या वाचनात ती नाही.

निकाल मागणारे

रंगमंचाला आणि पडद्याला असा संदिग्धपणा परवडत नाही. १९५४मध्ये व्हेनिसला बेंजामिन ब्रिटनचा ऑपेरा झाला, त्यात भुते चक्क गातात. १९६१च्या 'द इनोसंट्स' चित्रपटात जॅक क्लेटनने प्रश्न शक्य तेवढा लोंबकळत ठेवला, तरी जेसल दिसेनाशी झाल्यावर अभ्यासाच्या खोलीत अश्रूचा एक ओला थेंब मागे राहतो.

१९७०मध्ये त्स्वेतान तोदोरोव्हने या न सुटणाऱ्या द्विधेलाच एका साहित्यप्रकाराचे लक्षण ठरवले. १९७७मध्ये शोशाना फेलमन यांनी वाचकांनाच आरसा दाखवला. गव्हर्नेस माइल्सला एकच गोष्ट बोलायला लावू पाहते : खरे काय ते सांग. तिला उत्तर मिळते त्याच क्षणी मुलगा मरतो. कथेकडून खरे काय ते वदवून घेऊ पाहणारा टीकाकारही तेच करत असतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

मराठी वाचकाला हे सगळे कदाचित परके वाटेल. नारायण धारपांच्या समर्थांच्या कथांत अमंगळ शक्ती खरी असते. प्रश्न असतो तो तिच्याशी लढायचे कसे एवढाच. मात्र या कथेतला एक तपशील आपण नजरेआड करू नये. तो अर्ध्या वाक्यात येतो आणि बहुतेक वाचक त्यावरून पुढे जातात. माइल्स आणि फ्लोरा यांचे आईवडील हिंदुस्थानात वारले. बाप लष्करात होता.

अशी मुले जेम्सच्या ओळखीत होती. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला वयाच्या सहाव्या वर्षी आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी येथे परक्या घरी ठेवून आईवडील परत हिंदुस्थानात आले. तिथे सुमारे सहा वर्षे सोसलेला छळ किपलिंगने १८८८मध्ये कथारूपाने लिहिला. १८९२मध्ये त्याच किपलिंगच्या लग्नात वधूचा हात वराच्या हाती देण्याचा मान हेन्री जेम्सला मिळाला होता. ब्लायची मुले किपलिंग भावंडांवरून घेतली, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण राज्य चालवायला गेलेल्यांची मुले पगारी माणसांच्या हवाली होणे ही त्या काळची रोजची गोष्ट होती, आणि १८९८चा वाचक तिला चांगला ओळखत होता.

या सगळ्या प्रतिक्रिया ओळीने वाचल्यावर एक गोष्ट खटकते. भुतांवर खटला चालला, बाईवर चालला, मुलांच्याही निरागसतेवर संशय घेतला गेला. लंडनमध्ये बसलेल्या काकाला मात्र या वादात फार थोड्यांनी साक्षीला बोलावले. पैसे दिले, नोकर दिले, आणि मला कळवू नका म्हणून सांगितले, यात त्याच्या काळाला काही वावगे वाटले नाही. नंतरच्या पिढ्या भूत खरे की भास या वादात गुंतल्या. भुते खरी मानली तरी ती दोन मुले एकटी पडली होती. भास मानले तरी ती एकटीच पडली होती. वाल्डस्टाइनना लिहिलेल्या पत्रात जेम्सने बोट ठेवले होते ते नेमके इथे. क्विंट कुणाला दिसला याचा निकाल लागो न लागो, काका कुणालाच दिसत नाही, हे मात्र कथेच्या पहिल्या पानांवरच लिहून ठेवलेले आहे.